एक पेर

आठ फूट लांब, चार फूट रुंद.
शेजाऱ्याच्या कुंपणातून उरलेले चिरे
दोन थर रचले, मधे माती भरली,
आणि गेले तीन दिवस मी त्याच्याभोवती फिरतोय
पूजेला बसलेल्या पण मंत्र न येणाऱ्या माणसासारखा.

बावीस वर्षं पोकलेन चालवला मी, डिचोलीच्या खाणीत.
एका बकेटात असे दोन वाफे सहज मावले असते.
वरची माती म्हणजे आमच्या लेखी कचरा:
उचल, फिरव, ढिगावर टाक, खालचं लोखंड बघ.
आता तीच माती
पाटीला साठ रुपये मोजून आणली,
शेण मिसळलं, सोडणांचा भुसा मिसळला,
चाळणीनं चाळली रव्यासारखी.
सुलक्षा म्हणाली, लाडू वळणार की काय?

लावायचं काय, ते मात्र ठरेना.

विजेच्या बिलामागे यादी केली.
वांगी, मिरची, भेंडी, वाल, आल्सांदे,
काकडी, दुधी, दोडका, कोबी, मुळा, तांबडी भाजी.
सुलक्षानं चष्मा लावून वाचली:
हे परसात मावणार, की म्हापशाच्या बाजारात?
दुधी तिनंच खोडला.
तो पाहुण्यासारखा येतो, म्हणाली,
आणि मग माडावर चढून बसतो.
कोबीवर मी रेघ मारली.
आमच्याकडे कोबी कुणी मागून खाल्लेला आठवत नाही.

मन्वानं पुण्याहून पाकीट पाठवलंय.
वर जांभळ्या गाजराचं चित्र, मागे बारीक इंग्रजी.
ते फ्रीजवर, चुंबकाखाली.
तिला नाही म्हणायचं धाडस
ती पाच वर्षांची असतानाही मला झालं नव्हतं.

ऊन मोजलं.
ते मला येतं. शिफ्टमध्ये सावलीवरूनच जेवणाची वेळ कळायची.
सकाळी आठला चिऱ्याच्या कडेवर येतं,
दोननंतर फणसाची सावली
उशिरा आलेल्या कामगारासारखी
डावीकडून गुपचूप आत शिरते.
म्हणजे डावीकडे तांबडी भाजी, उजवीकडे मिरची.
मिरचीला चटके लागतात, तिला ते मानवतात.
एवढं तरी उन्हानं ठरवून दिलं.

शुक्रवारी म्हापसा.
जुव्याची पिएदाद बाय,
टोपलीच्या आडोशाला जुन्या पेपरच्या पुड्या.
सात शिरांच्या भेंडीचं बी मागितलं,
तर तिनं आधी माझे हात बघितले.
"पयलीच खेप न्हय?"
होय, म्हटलं.
अकरा बिया मोजून दिल्या,
बारावी हातात धरून थोडा विचार केला,
परत टोपलीत टाकली.
"आठ येतलीं. तीन किड्यांक."

किती खोल, मी विचारलं.
जन्मभर हा एकच प्रश्न विचारत आलोय.
फोरमन सांगायचा सहा मीटर,
मग पुढची बेंच, पुन्हा सहा,
तळाला पाणी लागलं की पंप लावायचे
आणि आणखी खाली.
पिएदाद बायनं तर्जनी वर केली,
अंगठ्याचं नख पहिल्या सांध्यावर टेकवलं.
एक पेर.

आज काथ्याच्या दोरीनं वाफ्याचे भाग पाडले.
उजवीकडे चार मिरच्या.
डावीकडे तांबडी भाजी; बी इतकं बारीक
की शिंक आली असती
तर शेजाऱ्याच्या दारात उगवली असती.
वांगी राहिली. वाल राहिला. आल्सांदे
नाइलाजानं, दोनदा खोडून, शेवटी राहिलेच.
मधे भेंडी.
बोट मातीत घातलं आणि थांबलो.
गार होती. डिझेलचा वास नव्हता.
डावा हात उगाच लिव्हर शोधत होता.
अकरा वेळा घातलं बोट.

तेवढ्यात सुलक्षा आली,
चुंबकाखालचं पाकीट फाडून
मला न विचारता कोपऱ्यात गाजराचं बी टाकलं.
अगं, म्हटलं, ते यादीत नाही.
ती म्हणाली, त्या यादीचं बिल भरायचं राहिलंय,
उद्या शेवटची तारीख.